जळगावच्या उन्हात १० गिगाचं फायबर: वापरून झाल्यावरचं मत

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. संगणक दोन वेगवेगळ्या शेडमध्ये असतील तर मध्ये फायबरच, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल, टाका. सगळे एकाच रॅकमध्ये, म्हणजे एकाच मांडणीत रचलेले, असतील तर फायबरच्या नादी लागू नका. तिथे तांब्याची जाड, आखूड केबल पुरते, स्वस्त पडते आणि तापतही नाही. आणि हे सगळं खानदेशात बसवायचं असेल तर मॉड्यूलच्या (केबलीच्या टोकाला बसणारा, विजेच्या संकेताचा प्रकाश करणारा छोटा भाग) डबीवर वेगाच्या आधी तापमानाचा आकडा वाचा.

आता सविस्तर. मी जळगाव एमआयडीसीत मोल्ड बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनचं काम बघते. ठिबकचे ड्रिपर, पाइपांचे जोड, फवारणी पंपाचे सुटे भाग अशा वस्तूंचे साचे आमच्याकडे बनतात. साचा लोखंडात कोरण्याआधी संगणकावर बघून घ्यायचं असतं की वितळलेलं प्लास्टिक आत कसं पसरेल, हवा कुठे अडकेल, थंड होताना नग कुठे वाकेल. या हिशोबाला ताकद लागते. एकदम मोठं यंत्र घ्यायला शेठ तयार नव्हते, म्हणून जमेल तसा एकेक नोड, म्हणजे हिशोबाला जुंपलेला एक संगणक, वाढवत गेलो. आज चार आहेत: तापी, गिरणा, वाघूर आणि पांझरा. (नावं माझी. शेठना वाटलं होतं मी देवांची ठेवीन.)

अशा सुट्या सुट्या संगणकांच्या मांडणीत खरी गोम प्रोसेसरमध्ये नसते, त्यांच्या मधल्या जोडणीत असते. साच्याच्या आतल्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे करून ते चार नोडमध्ये वाटून दिलेले असतात. प्रत्येकाने आपलं शेत नांगरायचं, पण दर तासाला बांधावर येऊन शेजाऱ्याला विचारायचं की तुझ्या बाजूला पाणी कुठवर आलं. बांधावर उत्तराची वाट बघण्यातच वेळ गेला तर शेत वाढवून उपयोग काय? आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. साध्या १ गिगाच्या (सेकंदाला १ गिगाबिट) नेटवर्कवर तिसऱ्या नोडपर्यंत फरक दिसला. चौथा लावला आणि वेळ होता तेवढाच राहिला. प्रोसेसर निवांत बसलेले, वीजबिल मात्र चार संगणकांचं.

पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तेव्हाही मांडणी हीच होती, लहान प्रोसेसर पुष्कळ आणि त्यांना एकमेकांशी बोलतं करायचं. तीस-पस्तीस वर्षांत प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, पण बोलतं करण्याची डोकेदुखी आहे तिथेच आहे.

आमची मांडणी

डिझाइनची खोली रस्त्याकडच्या शेडमध्ये आहे. नोड मागच्या शेडमध्ये, कारण पुढे ठेवले तर त्यांच्या पंख्यांच्या आवाजात फोनवर बोलता येत नाही आणि मे महिन्यात खोलीचा भट्टा होतो. मध्ये अंगण, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचा कट्टा आणि भंगाराचा ढीग. अंतर साधारण ६० मीटर.

कुणी म्हणेल, ६० मीटरला फायबर कशाला? कॅट-६ए केबलवर १० गिगा १०० मीटरपर्यंत जातं. बरोबर आहे, जातं. पण दोन्ही शेडचे वीज मीटर वेगळे, अर्थिंग वेगळं. दोन अर्थिंगच्या मध्ये मल्टिमीटर लावला की काही व्होल्ट दिसायचेच, आणि वेल्डिंग सुरू झालं की आकडा नाचायचा. तांब्याची केबल टाकली म्हणजे या दोन जमिनी वायरने जोडल्यासारखं झालं. त्यात वळवाच्या पावसात आसपास वीज कोसळली की त्या केबलीच्या एका तरी टोकाचा पोर्ट जायचाच. दर जूनमध्ये एखादं नेटवर्क कार्ड नाहीतर स्विच (सगळ्या संगणकांच्या केबली एकत्र जोडणारा डबा) बदलायचा हे इतकं अंगवळणी पडलं होतं की शेठ त्याला पावसाळी खर्चच म्हणायचे.

फायबरमध्ये काच असते. काचेतून वीज वाहत नाही. आमच्यासाठी वेगापेक्षा मोठं कारण हे होतं, आणि ते एकाही विक्रेत्याने मला आपणहून सांगितलं नाही.

खरेदी

आधी गोलाणी मार्केट पालथं घातलं. १० गिगाचं नाव काढलं की बहुतेक ठिकाणी ब्रॉडबँडचे पांढरे डबे पुढे यायचे. एका दुकानात मात्र मॉड्यूल होती. दुकानदार मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "ताई, हे ८० किलोमीटरवालं घ्या, ताकद जास्त. १० किलोमीटरवालं कमजोर पडतं." मला जायचं होतं अंगणापलीकडे. ८० किलोमीटर म्हणजे जळगावहून निघालं ते पारोळ्याच्या पुढे. लांब पल्ल्याच्या मॉड्यूलचा लेझर इतका जोरकस असतो की जवळच्या अंतरावर मध्ये प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर न लावता जोडलं तर समोरचा रिसीव्हर जळू शकतो. १० किलोमीटरच्या एलआर जातीला ही भीती नाही, कारण तिचा लेझर जास्तीत जास्त जेवढा प्रकाश सोडतो तेवढा तिचा रिसीव्हर थेट झेलू शकतो. ६० मीटरलाही ते बिनधास्त चालतं. दुकानदाराचा रोष पत्करून मी एलआरच घेतलं, तेही दुसरीकडून, ऑनलाइन.

पुस्तकी उत्तर खरं तर वेगळं आहे. एवढ्या कमी अंतराला मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याचं, फायबर आणि ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची, जवळच्या पल्ल्याची एसआर मॉड्यूल. ओएम-३ दर्जाच्या फायबरवर १० गिगा ३०० मीटरपर्यंत जातं आणि मॉड्यूलही स्वस्त. पण तेच फायबर २५ गिगाला ७० मीटरवर थांबतं. म्हणजे पुढेमागे वेग वाढवायचा म्हटला की आमचं अंगण जेमतेम बसणार. शिवाय इथला प्रत्येक फायबर जोडणारा ब्रॉडबँडची कामं करतो आणि त्याच्या पेटीत सगळा माल सिंगलमोडचा, म्हणजे बारीक गाभ्याच्या, लांब पल्ल्याच्या फायबरचा असतो. उद्या केबल तुटली तर मल्टिमोडचा तुकडा कुठून आणायचा? सिंगलमोडच्या पिवळ्या पॅचकॉर्ड (टोकाला जोडायच्या आखूड केबली) भुसावळलाही मिळतात, चाळीसगावलाही मिळतात. मल्टिमोडची फिरोजी रंगाची विचारली तर दुकानदार आपल्याकडेच बघतो. म्हणून सिंगलमोड, १३१० नॅनोमीटर. गावात जे दुरुस्त होतं ते घ्यावं, या मताची मी आहे.

पहिल्या मॉड्यूलच्या जोडीने चांगलाच ताप दिला. मॉड्यूलच्या पोटात छोटी मेमरी असते आणि तिच्यात ते कुणी बनवलं, कुठल्या जातीचं, याची नोंद असते. पुष्कळ स्विच ती नोंद वाचतात आणि ओळखीचं नाव नसेल तर पोर्ट चालूच करत नाहीत. वस्तू चांगली, लेझर चांगला, नुसत्या नावावरून अडवणूक. विक्रेत्याने "सगळ्या स्विचला चालतं" असं लिहिलं होतं. आमच्या मागच्या स्विचने नकार दिला. विक्रेत्याशी बरीच मेलामेली झाल्यावर योग्य कोडिंग केलेली जोडी आली, पण येण्या-जाण्याचं कुरिअर आमच्याच माथी. ऑर्डर देताना तुमच्या स्विचचं पूर्ण मॉडेल कळवा आणि 'चालेल' हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

कार्डं मात्र सोन्यासारखी निघाली. मोठ्या डेटा सेंटरमधून काढलेली कनेक्टएक्स-४ एलएक्स जातीची, २५ गिगापर्यंत चालणारी, दोन पोर्टांची. सध्या आम्ही ती १० गिगावरच चालवतो. जुना माल म्हणून शेठ नाक मुरडत होते. मी म्हटलं, आपण जुनी इंजेक्शन मशीन घेतो तेव्हा नाही मुरडत.

केबल आणि पाइप

फायबर ओढणारा मोठा कारखाना शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आहे, तरी ६ कोअरची (काचेच्या सहा धाग्यांची), आत अजिबात धातू नसलेली केबल मला पुण्याहून मागवावी लागली. जळगावात जो तो आर्मर्ड केबल गळ्यात मारतो. "उंदीर कुरतडत नाही ताई." खरं आहे, नाही कुरतडत. पण त्या केबलीत पोलादी पत्रा असतो. वीज नको म्हणून काच घ्यायची आणि काचेभोवती पुन्हा लोखंड गुंडाळायचं, यात काय साधलं? तो पत्रा नीट अर्थ केला तर चालतो, पण आमच्याकडच्या अर्थिंगची कहाणी वर सांगितलीच. उंदरांचा बंदोबस्त पाइपने केला. जळगावात एचडीपीई पाइपला काय तोटा, रुपयाला पासरी. दोन फूट खोल चर, त्यात पाइप, दोन्ही तोंडं बंद.

जोडणारा

या सगळ्या खरेदीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्प्लायसिंगला, म्हणजे काचेचे धागे वितळवून जोडायला, आलेला भुसावळचा पोरगा. बोलणं कमी, काम नेटकं. फोनवर त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की टोकाला निळं एलसी कनेक्टर हवं. ब्रॉडबँडला हिरवं एससी लागतं, त्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, आणि तिरकं तोंड सरळ तोंडाला भिडवलं की प्रकाश वाया जातो. हे फोनवर सांगितलं नाही तर तो हिरव्या पिगटेल (एका टोकाला कनेक्टर आधीच लावलेले फायबरचे तुकडे) घेऊन येणार हे नक्की समजा.

आल्याबरोबर त्याने आधी कूलर बंद करायला लावला, मग दार लावून घेतलं. खोलीत उकडून जीव जायची वेळ, पण वाऱ्याचा एक झोत आणि धुळीचा एक कण जोड बिघडवायला पुरतो. मग स्टूलवर मशीन मांडलं. काळ्या चिमट्याने फायबरवरचं रंगीत आवरण सोललं. आतली काच १२५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि तिच्यात प्रकाश ज्यातून जातो तो गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. अल्कोहोल लावलेल्या कागदाने काच पुसली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पुसताना चूं असा बारीक आवाज आला तेव्हा म्हणाला, "आता झाली." मग क्लीव्हरमध्ये ठेवून टक् करून कापली आणि कापलेला तुकडा लगेच झाकणाच्या बाटलीत टाकला. तो तुकडा बोटात गेला तर शोधून सापडत नाही.

दोन्ही टोकं मशीनच्या खाचांत बसवली. पडद्यावर दोन करडे दांडे समोरासमोर आले, आपोआप एका रेषेत सरकले, एक बारीक ठिणगी पडली आणि दोन्ही दांडे एक झाले. खाली अंदाजे तोटा दिसला, ०.०१ डेसिबल. आमचे फोरमन आप्पा चष्मा कपाळावर ढकलून बघत होते. आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस. म्हणाले, "हे बी वेल्डिंगच शे ना रे भो?" पोरगा हसला. "वेल्डिंगच, आप्पा. फक्त मसाला नाही लागत." मग जोडावर पोलादी सळीची बाही सरकवून मशीनच्याच भट्टीत आवळून घेतली.

वापरायचे दोनच कोअर होते, पण त्याने आग्रहाने सहाही जोडून घेतले. बरं केलं. चार राखीव राहिले. एका जोडाला दीडशे रुपये, शिवाय गाडीभाडं. ओटीडीआर (फायबरमध्ये कुठे किती प्रकाश वाया जातो ते आलेखात दाखवणारं यंत्र) आणला नव्हता म्हणून मी कुरकुरले, पण इतक्या जवळच्या अंतरावर त्याचा आलेख फारसा काही सांगत नाही. पॉवर मीटर पुरतो. दुपारी आप्पांनी त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. पैसे देताना घासाघीस झाली नाही यात त्या भाकरीचाही वाटा असावा.

उन्हाळा

पुण्या-बंगळुरूच्या माणसाने लिहिलेल्या परीक्षणात जे सापडत नाही ते इथे वाचा. साधी, म्हणजे व्यावसायिक दर्जाची मॉड्यूल ० ते ७० अंशांसाठी बनवलेली असतात. हे तापमान मॉड्यूलच्या अंगाचं असतं, खोलीचं नव्हे. वाचायला ७० खूप वाटतात. पण मे महिन्यात बाहेर ४५, पत्र्याच्या शेडमधल्या बंद खोलीत एसी बंद पडला की चाळिशी ठरलेली, आणि फॅन नसलेल्या स्विचच्या पोटात त्याहून वीस-पंचवीस अंश जास्त.

हल्लीची जवळपास सगळी मॉड्यूल स्वतःचं तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, पाठवलेला आणि मिळालेला प्रकाश हे पाचही आकडे सांगतात. स्विचच्या पानावर ते दिसतात. मी दुपारी ३ ला ते पान उघडून बसायचे. एका दुपारी मागच्या टोकाचं मॉड्यूल ६८ वर पोचलं. लेझर तापला की तेवढाच प्रकाश द्यायला त्याला जास्त करंट लागतो, मॉड्यूल तो आपणच वाढवतं, त्याने आणखी तापतं, आणि आयुष्य कमी होतं. लिंक तुटली नाही हे खरं, पण ६८ बघून माझीच झोप उडाली. अंगणाच्या लिंकची दोन्ही मॉड्यूल बदलून उणे ४० ते ८५ अंशांची औद्योगिक दर्जाची घेतली. पैसे जास्त गेले. खानदेशात हा खर्च टाळू नका.

तापमान उतरवायला आप्पांनी आपल्या परीने उपाय केलाच. एके दिवशी नोडच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावून ठेवला. हवा गार, वास सुंदर, आणि भिंतीवर दव. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "माणसाले गार लागतं, मशीनले नही लागत?" लागतं, पण ओलं नाही चालत. शेवटी दीड टनाचा एसी बसला, आणि स्विचवर एक साधा टेबलफॅन. टेबलफॅनने आठ-नऊ अंश उतरले. सगळ्या खर्चात सर्वात जास्त फायदा त्या टेबलफॅनने दिला.

याच कारणासाठी एक वस्तू अजिबात घेऊ नका असं सांगेन: साध्या नेटवर्क केबलीवर १० गिगा देणारं, तांब्याच्या सॉकेटचं मॉड्यूल. ते अडीच वॉटच्या आसपास वीज खातं, ऑप्टिकलवालं साधारण एक. बोट लावलं की चटका बसतो. फॅन नसलेल्या स्विचमध्ये अशी दोन शेजारी लावली तर शेजारच्यांनाही घेऊन बुडतील.

धूळ

मिळालेल्या प्रकाशाचा आकडा बसवल्या दिवशी उणे ३.१ डीबीएम होता (शून्याच्या जितका खाली, तितका प्रकाश कमी). एलआरला उणे १४.४ पर्यंत चालतं, म्हणजे हात राखून भरपूर. काही महिन्यांनी तो उणे ८.६ दिसायला लागला. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मागच्या शेडमध्ये टाकाऊ प्लास्टिक दळायचं मशीन आलं होतं, आणि केबलिंग आवरताना कुणीतरी पॅचकॉर्ड काढून, टोपण न लावता, परत खुपसली होती. ९ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे धुळीचा साधा कणही डोंगर असतो. क्लिक करून साफ करायचं पेन मिळतं, ते दोन्ही टोकांना आणि मॉड्यूलच्या तोंडात फिरवलं, आकडा उणे ३.२ वर आला. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ बसते. आणि टोकात डोकावून बघू नका. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही, त्यामुळे 'बंद असेल' हा अंदाज कामाचा नाही.

तांबं की प्रकाश

रॅकच्या आत आम्ही नोडपासून स्विचपर्यंत एक-एक मीटरच्या डॅक केबली लावल्यात. दोन्ही टोकांना मॉड्यूलचाच आकार, मध्ये तांबं. वीज जवळपास शून्य, धुळीची भीती नाही, उन्हाचं सोयरसुतक नाही. "मग फायबर जलद ना?" असं शेठनी विचारलंच. नाही. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मीटरला ५ नॅनोसेकंद, आणि या केबलीतला विजेचा संकेतही जवळपास त्याच वेगाने पळतो. फरक पल्ल्याचा आहे. वेग वाढवत गेलं की तांब्यात संकेत लवकर विरतो. १० गिगाला ही केबल ७ मीटरपर्यंत चालते, २५ गिगाला ५ मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी, आणि एका जोडीवर १०० गिगा म्हटलं की जेमतेम २ मीटर. वेग वाढेल तसा तांब्याचा हात आखूड होतो. प्रकाशाला तो जाच नाही.

हा हिशोब आमच्यासारख्या गाळ्यापुरता नाही. गूगलने टीपीयू व्ही-४ या आपल्या एआय चिपांचा महासंगणक बांधला त्यात ४,०९६ चिप आहेत. ६४ चिपांचा एक ठोकळा, असे ६४ ठोकळे. ठोकळ्याच्या आत तांबं, बाहेर प्रकाश. ठोकळ्यांच्या मधले स्विच तर आणखी भारी: आत बारीक आरसे, आरसा जरा कलता केला की प्रकाश दुसऱ्या फायबरमध्ये. मध्ये कुठेही प्रकाशाची वीज आणि विजेचा परत प्रकाश करायचा नाही. एखादा ठोकळा बिघडला तर आरसे फिरवून त्याला वगळायचं आणि दुसरा जोडून घ्यायचा. २०२३ मध्ये त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केलं, आणि या ऑप्टिकल भागाचा खर्च एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांहून कमी, वीज ३ टक्क्यांहून कमी असल्याचं सांगितलं. सुट्या भागांचा संगणक बांधायचा तर अशी जोडणी हवी.

उलट एनव्हिडियाने २०२४ मध्ये एका रॅकमध्ये ७२ जीपीयू (एआयच्या हिशोबाच्या ताकदवान चिप) बसवले आणि त्यांची आपापसांतली जोडणी सगळी तांब्याची ठेवली. तिथे प्रकाश वापरला असता तर नुसत्या मॉड्यूलसाठी आणि संकेत सावरणाऱ्या चिपांसाठी २० किलोवॉट लागले असते, असं कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी तेव्हा सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने स्विचच्या चिपशेजारीच ऑप्टिकल भाग बसवलेले स्विच जाहीर केले, म्हणजे सुटं मॉड्यूलच नको. तंत्र म्हणून मला ते पटतं. पण आमच्या हवामानात सुटं मॉड्यूल हा गुण आहे. तापून मेलं तर चिमट्याने ओढून दुसरं खुपसता येतं. आणि 'आता सगळं प्रकाशावर' ही घोषणा जुनी आहे. इंटेलने २००९ मध्ये संगणकाला इतर यंत्रं जोडायचं लाइट पीक दाखवलं तेही प्रकाशावरचं होतं. २०११ मध्ये थंडरबोल्ट नावाने बाजारात आलं तेव्हा आत तांबं निघालं.

मिळालं काय

पुढच्या खोलीतून मागच्या साठवणीपर्यंत ९.४ गिगा मोजून मिळतं. ४० जीबीची निकालाची फाइल आधी सहा मिनिटं घ्यायची, चहा होऊन जायचा. आता मिनिटाच्या आत येते, पण दोन्हीकडे एनव्हीएमई, म्हणजे जलद जातीची डिस्क, असेल तरच. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या संगणकात त्याहून हळू जातीची साटा एसएसडी आहे, तो सेकंदाला ५०० एमबीवर अडकतो आणि शिव्या नेटवर्कला बसतात.

नोडमधल्या गप्पांचा फरक त्याहून मोठा. कार्डांतली आरडीएमएची सोय चालू केली, म्हणजे एका नोडची मेमरी दुसऱ्याने ऑपरेटिंग सिस्टिमला मध्ये न घालता थेट वाचायची, की निरोपाचा वेळ दोन-तीन मायक्रोसेकंदांवर येतो. जुन्या नेटवर्कवर तो शंभरच्या पुढे होता. आता चौथा नोड खरंच कामाला येतो. सोळा पोकळ्यांच्या साच्याचा हिशोब संध्याकाळी लावला की दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडायची, तो आता सकाळी मी येईपर्यंत झालेला असतो. आरडीएमए चालू करायला मात्र डोकं खपवावं लागतं. मराठीत तर सोडाच, हिंदीतही धड माहिती नाही.

जूनमधल्या पहिल्या वादळात मागच्या शेडमधला सीसीटीव्हीचा डबा आणि इंटरकॉम गेला, दोन्ही तांब्यावरचे. फायबरच्या लिंकच्या नोंदीत एकही तूट नाही. शेठनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं की कॅमेऱ्यांनाही हेच लावता येईल का. राखीव चार कोअर तिथे उपयोगी पडतील.

कुणी घ्यावं

डाळ मिल, जिनिंग, चटईचे कारखाने, जिथे ऑफिस एकीकडे आणि मशिनरी दुसरीकडे आहे, त्यांनी १० गिगा नको असेल तर १ गिगाची मॉड्यूल घ्यावीत, पण मध्ये काचच टाकावी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकाच खोलीत आठ संगणक जोडून मुलांना शिकवायचं असेल तर डॅक केबली आणि जुनी कार्डं, बस. लग्नाच्या व्हिडिओची एडिटिंग करणाऱ्यांनी आधी हार्डडिस्क बदलावी.

पुढे २५ गिगावर जायचं ठरलं तर पाइपातली केबल तीच राहील, कार्डंही तीच. बदलतील ती टोकाची मॉड्यूल आणि स्विच. एक जास्तीची मॉड्यूलची जोडी मात्र आजच कपाटात ठेवून द्या, टोपणं लावून. ऑनलाइन मागवलं तर यायला वेळ लागतो आणि तोवर शेठ मागे उभे असतात. स्प्लायसिंग करून घ्यायचं तर मार्च-एप्रिलमध्येच, सकाळच्या वेळी बोलवा. पहिला पाऊस पडला की तो पोरगा गावोगावच्या तुटलेल्या ब्रॉडबँड केबलींमागे असतो, आणि मग दिवाळीपर्यंत फोनवर "उद्या येतो ना ताई" एवढंच ऐकायला मिळतं.